रिकामा पाळणा हलतो तेव्हा

मी एक जुना पाळणा आहे. मित्रांनो, त्र्यंबकच्या डोंगराकडील सागाच्या ओंडक्यातून माझा देह घडला. ज्या सुताराने मला घडविले, तो मोठा श्रद्धावान गृहस्थ होता. रंधा हाती घेण्यापूर्वी तो लाकडाला नमस्कार करीत असे. त्याने माझे गज गोल तासले, चारही कोपऱ्यांना लोखंडी कड्या ठोकल्या आणि माथ्यावर रंगीत राघू टांगले. काम पूर्ण झाल्यावर माझ्या काठावर हात ठेवून तो पुटपुटला, "बाळ आत असेल तरच हल. एरवी स्थिर राहा." माझ्या आयुष्याचा तोच कानमंत्र ठरला.

पाळणा रिकामा हलवू नये, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. रिकामा पाळणा हलला, की त्यात निजणाऱ्या जिवावर संकट येते, असे थोरल्या बायका सांगतात.

मी कोणा एका घराचा नव्हतो. भावकीत जिच्या घरी बाळंतपण असेल, तिच्या घरी मला नेत. मूल पायांवर उभे राहिले, की हळदकुंकू लावून पुढच्या घरी पाठवीत. माझ्यात निजलेली लेकरे धडधाकट वाढली, म्हणून लोक मला गुणाचा पाळणा म्हणत. पुढे दुकानांतून चकचकीत नळ्यांचे पाळणे आले आणि मी मखमलाबादच्या आक्काबाईंच्या पोटमाळ्यावर जाऊन पडलो. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले.

सुखाचे कितीतरी दिवस मी विसरलो आहे. परंतु ज्या दिवसांत मी रिकामा असताना हललो, ते दिवस माझ्या लाकडातून जात नाहीत. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

आक्काबाई जुने घर सोडून शहरातल्या फ्लॅटमध्ये राहावयास निघाल्या. तेव्हा त्यांचा पुतण्या महेश मला आपल्या टेम्पोत घालून मळ्यात घेऊन आला. भाद्रपद सरत आला होता. महेशची आई गोजराबाई अंगणात झेंडूची फुले निवडीत बसल्या होत्या. मला उतरताना पाहून त्यांचे हात थांबले.

"हे काय आणलं रे?"

"आक्काकाकूचा पाळणा. म्हणाली, ने, नाहीतर भंगारवाल्याला देते."

"अरे, पोरीला आत्ता कुठं सहावा लागलाय. पोटातलं पोटात असताना पाळणा दारात आणतं का कुणी?"

"मग काय झेंडूत उभा करू? उंदीर खातील."

"माझ्या डोळ्यांपुढं नको."

"आई, लाकूड हाय ते. लाकडाला काय कळतं?" महेश हसला.

मित्रांनो, लाकडाला किती कळते, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नव्हते.

मला पडवीतल्या लोखंडी तुळईला टांगण्यात आले. पडवीसमोर झेंडूचे वाफे होते आणि वाफ्यांपलीकडे शेततळे. तळ्याच्या तळाला आणि उतारांना जाड काळे प्लास्टिक अंथरलेले होते. शेतकरी त्याला कागद म्हणतात. पावसाळ्यात भरलेले ते तळे आता काठोकाठ होते. दिवसा त्यात आभाळ दिसे. दिवेलागणीला मात्र ते काळेभोर होई आणि त्याच्याकडे पाहावेसे वाटत नसे. त्या कागदावर शेवाळ धरते. त्यावरून घसरलेल्या वासराला वर येता येत नाही, हे मळ्यातल्या सर्वांना माहीत होते.

महेशची पत्नी वेदिका ही लासलगावची लेक. बोलकी, कष्टाळू आणि गोड स्वभावाची. माझ्याजवळून जाताना ती माझ्या राघूंना हळूच टिचकी मारीत असे. गोजराबाईंनी मात्र मला जुन्या लुगड्याने झाकून टाकले होते.

दसरा जवळ येऊ लागला. दुपारी फुले खुडायची आणि सायंकाळी पडवीत बसून माळा ओवायच्या. पहाटे महेश त्या गणेशवाडीच्या फुलबाजारात नेत असे. सासू-सून समोरासमोर मांडी घालून बसत. दिवा लागला, की वेदिकेचे ओवणे मंदावे. प्रथम एक पाय सुटे, मग दुसरा. ती पाय लांब करी, आखडी, पुन्हा लांब करी, घोटे एकमेकांवर घाशी.

"पाय हलवू नको गं," गोजराबाई म्हणत. "तिन्हीसांजा झाल्या. घरातली लक्ष्मी जाते."

"मी नाही हलवत, आई. हलवल्याशिवाय राहवतच नाही."

"पाय काय परक्याचे हायेत?"

"आई, हिला पंपाला जोड," महेश दोरा तोडीत म्हणे. "लाइट गेली तरी तळं भरेल."

मायलेक हसत. वेदिकाही हसे. पण तिचे पाय थांबत नसत.

एके सायंकाळी गोजराबाईंनी विचारले, "दुखतंय का?"

वेदिका विचारात पडली. "दुखत नाही. मुंग्याही नाहीत. नळीच्या हाडातून कुणीतरी दोरा ओढतंय, असं वाटतं. उठून चाललं की थांबतं. बसलं की पुन्हा ओढतंय. सकाळी काहीच नसतं बघा. दिवा लागला की सुरू."

गोजराबाईंची सुई फुलात अडकली. त्यांनी मान वर केली नाही. परंतु मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यावर भय होते, आणि ते भय नवे नव्हते. अनोळखी गोष्ट पाहून माणूस दचकतो. गोजराबाई दचकल्या नाहीत. त्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या.

औषधाची हयगय मात्र त्या घरात नव्हती. आशा सेविका साधना हिने लोहाच्या लाल गोळ्या आणि चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, पांढऱ्या गोळ्या आणून दिल्या होत्या. पहाटेच्या बाजारातून परतलेला महेश रोज आपल्या हाताने आले घालून चहा करी. कप वेदिकेच्या पुढ्यात ठेवी आणि दोन्ही गोळ्या तिच्या तळहातावर ठेवी. ती एकेका घोटासरशी दोन्ही गिळी. त्याने कधी खाडा केला नाही. पती इतक्या मायेने पत्नीची शुश्रूषा करतो, हे पाहून मला धन्य वाटे. त्या कपातच सारा घात आहे, हे मला काय ठाऊक? तिथे कोणाच्याच ते ध्यानात नव्हते.

वेदिकेची झोप उडाली. तिच्या ओठांचा रंग फिका पडू लागला. अंगणातून पडवीत चढताना ती खांबाला धरून दम घेई. आणि मग ते घडले.

सासूबाई तुळशीपुढे दिवा लावण्यास गेल्या होत्या. वेदिका माझ्या शेजारी भिंतीला टेकून माळ ओवीत होती. माझी दोरी लुगड्याखालून लोंबत होती. तिचा अस्वस्थ पाय त्या दोरीला लागला. अंगठ्यात दोरी अडकली. पाय मागे गेला आणि मी हललो.

मित्रांनो, मी रिकामा होतो. सुताराचे शब्द मला आठवले आणि माझ्या चारही कड्या करकरल्या. थांबावे म्हणून मी माझे सारे ओझे खाली लोटले. परंतु तिचा पाय पुन्हा ओढू लागला, आणि त्या ओढीत तिला आराम मिळत आहे, हे मला दोरीतून कळले. तिचे खांदे सैल झाले. कितीतरी दिवसांनी तिने डोळे मिटून श्वास सोडला. दुसऱ्या सायंकाळीही तिने दोरी अंगठ्यात घेतली. तिसऱ्या सायंकाळीही. मी हलत राहिलो. जी गोष्ट अमंगळ म्हणून शिकविली, तीच एका थकलेल्या जिवाला विसावा देत होती. काय करावे, हे मला समजेना.

गोजराबाईंनी पाहिले तेव्हा त्यांच्या हातात निरांजन होते. त्या ओरडल्या नाहीत. निरांजन जपून खाली ठेवून त्यांनी वेदिकेचा पाय आपल्या दोन्ही हातांनी दोरीतून सोडविला.

"किती दिस झाले?"

"काय, आई?"

"हा पाळणा किती दिस हलवती तू?"

"पायाला बरं वाटतं, आई. नुसती दोरी—"

"रिकामा हाय तो," गोजराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार हळू होता. "रिकामा हाय, बाई."

त्या सायंकाळी महेश जेवता जेवता म्हणाला, "आई, साधनाला विचारू. नाहीतर डॉक्टरकडं नेतो."

"गोळ्या चालू हायेत ना? रोज तूच देतो ना हातानं?"

"देतो."

"तरी फरक नाय. म्हंजे हे औषधातलं नाय. अमावस्येला पाळणा गंगेत सोडायचा."

गोळ्या नियमाने पोटात जात होत्या आणि सून दिवसेंदिवस सुकत होती. औषध हरले, तर मग आईचे म्हणणेच खरे असावे, असे महेशलाही वाटू लागले. गोदामाईला आमच्याकडे गंगा म्हणतात. तिच्या पाण्यात जाण्याचे मला दुःख नव्हते. परंतु मी गेल्यावर वेदिकेचे पाय कोठे जातील, या विचाराने माझे लाकूड थंड पडले.

दुसऱ्या दिवशी गोजराबाईंनी नवा नायलॉनचा लांब दोर आणून मला खांबाशी करकचून बांधले. आता वारा आला तरी मला हलता येईना.

आणि वेदिका चालू लागली.

दिवेलागण झाली, की ती माळ खाली ठेवून उठे. प्रथम अंगणात फेऱ्या मारी. मग वाफ्यांच्या बांधावरून जाई. पुढे तिला सपाट आणि सलग वाट हवीशी वाटू लागली. तशी वाट मळ्यात एकच होती, शेततळ्याच्या काठावरची. मी बांधलेल्या जागेवरून पाहत असे. काळ्या पाण्याच्या कडेने तिची आकृती जाई, वळे, पुन्हा येई. एका बाजूला वाफे, दुसऱ्या बाजूला शेवाळलेला उतार. वाटेत ती मधूनच थांबे आणि कपाळ धरी. मग पाय तिला पुढे नेत. महेश हाक मारी, "तळ्याकडं नको जाऊ." ती म्हणे, "आलेच." पण ती येत नसे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलांचे ढीग पडवीत मावेनात. सर्वांचे हात चालले होते. अंधारून येऊ लागताच वेदिका उठली. "दोन फेऱ्या मारून येते," म्हणाली. महेश क्रेट भरत होता. गोजराबाई ओवीत होत्या. माझे लक्ष मात्र काठावरच होते. ती दूरच्या कोपऱ्यावर पोहोचली. तिने कपाळाला हात लावला. ती बसू पाहत होती, असे मला वाटले. मग काठावर कोणीच नव्हते.

मित्रांनो, त्या वेळी मी दोर तोडण्याचा प्रयत्न केला. लाकडाच्या हाती काय असते?

गोजराबाईंनी मान वर केली. का केली, ते मला अजून समजलेले नाही. त्यांनी रिकाम्या काठाकडे पाहिले आणि ओटीतील फुले सांडून त्या उभ्या राहिल्या.

"महेश. वेदिका कुठंय?"

महेश धावला. तळ्याच्या उतारावर वेदिका छातीपर्यंत पाण्यात होती. पाण्यात उतरलेल्या पंपाच्या पाइपला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली होती. ती ओरडत नव्हती. ओरडण्याइतके बळ तिच्यात उरले नव्हते.

"आई, दोर," महेशचा आवाज आला. "दोर आण, लवकर."

गोजराबाईंनी इकडेतिकडे पाहिले. मग विळा उचलून त्यांनी मला बांधलेला दोर कापला. मी मोकळा होऊन भिंतीवर आदळलो आणि एकटाच, रिकामा, झोके घेऊ लागलो. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. दोर खांद्यावर टाकून त्या वयाची बाई बांध तुडवीत पळाली. दोराचे एक टोक काठावरच्या लोखंडी खुंटाला बांधून, दुसरे कमरेला गुंडाळून महेश उतारावर उतरला. गोजराबाईंनी पाय रोवून दोर ओढला. दोघांनी मिळून वेदिकेला वर घेतले. त्याच टेम्पोत फुलांवर निजवून तिला नाशिकच्या इस्पितळात नेले. दसरा त्या घरात आला आणि न बोलता निघून गेला.

ती परत येईपर्यंत मी एका अंगाने कलंडून लटकत होतो. अमावस्या जवळ आली होती आणि माझा निरोप कधी होतो, याची मी वाट पाहत होतो.

वेदिका आली ती महेशचा हात धरून. तिच्या मनगटावर सुईचा निळा डाग होता. साधना सोबत होती. सर्व पडवीत बसले.

"काकू, डॉक्टरबाईंनी रक्ताची निराळी तपासणी केली," साधना सांगू लागली. "आपल्या अंगात लोहाचं कोठार असतं. गरोदरपणात बाळ त्यातूनच घेतं. हिचं कोठार पार रिकामं होतं. लोह कमी पडलं की काहींचे पाय संध्याकाळी असे अस्वस्थ होतात. त्या आजाराला नाव आहे. सगळ्यांना लोहामुळेच होतो असं नाही, पण पोटुशीला झाला तर पहिलं तिथंच बघायचं, म्हणाल्या."

"पण गोळ्या तर रोज चालू होत्या," महेश म्हणाला.

"कशाबरोबर देत होतास?"

"चहाबरोबर. मीच करून द्यायचो."

साधनाने कपाळावर हात मारला. "अरे, चहा लोहाला अंगी लागूच देत नाही. आणि पांढरी गोळीही त्याच वेळी? दोन्हींची वेळ वेगळी ठेवायची. मी सांगितलं होतं तेव्हा."

"सांगितलं असशील. त्या वेळी मी आत तुझ्यासाठीच चहा टाकत होतो."

महेश आपल्या तळहातांकडे पाहत राहिला. वेदिकेने त्याच्या हातावर हात ठेवला. "आता सलाइनमधून लोह दिलंय," ती म्हणाली. "हळूहळू फरक पडेल म्हणतात. कालच्या संध्याकाळी जरा कमी होतं."

"काकू," साधनाने विचारले, "हा आजार घराण्यातही चालतो म्हणे. हिच्या माहेरी कुणाचे पाय असे—"

"माझे," गोजराबाई म्हणाल्या.

सर्वांनी त्यांच्याकडे पाहिले.

"माझेबी पाय असेच वढायचे. पहिल्या खेपेला. मीबी पायानं पाळणा हलवला, रिकामा. पोरगी झाली. लय बारीक. सातव्या दिवशी गेली. सासू म्हणली, तूच घालवली. तो पाळणा गंगेत सोडला. मग मीबी तेच धरून बसले. माझं रगत कुणी तपासलं नाय. पाय काय म्हणतात, ते कुणी विचारलं नाय." त्यांनी वेदिकेकडे पाहिले. "अन् मीबी हिला विचारलं नाय. ठावं असून."

वेदिका उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. दिवेलागण झाली होती. त्या दिवशी दिवा महेशने लावला.

अमावस्या आली आणि गेली. मला गंगेत नेण्यात आले नाही. तरीही मी निश्चिंत नव्हतो. इतके दिवस उपाशी राहिलेला जीव आत कसा असेल, हे कोण सांगणार? पौषातल्या कडाक्याच्या थंडीत कन्या जन्मली. ती वजनाने कमी होती आणि काही दिवस तिला इस्पितळातील काचेच्या पेटीत ठेवावे लागले. बाराव्या दिवशी मी रिकामाच होतो. नंतर एका दुपारी गोजराबाईंनी मला पुसले, कड्यांना तेल दिले आणि नातीला स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवले. तिचे नाव दिशा. आता ती धावते आणि तिला माझी गरज उरलेली नाही.

मित्रांनो, आज दुपारी हरसूलहून गोजराबाईंचा भाचा चंदर मला न्यावयास आला. त्याची बहीण निकिता बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. टेम्पोत मला चढवून झाल्यावर गोजराबाईंनी त्याला विचारले, "निकिताचं रगत तपासलं का रे? झोप लागती का तिला?"

"लागती की, आत्या. धडधाकट हाय ती." चंदर दोर आवळीत हसला. "पायाला भिंगरी हाय नुसती. दिवा लागला की एका जागी बसत नाय. आई वरडती, तरी अंगणात फेऱ्या घालती."

गोजराबाईंनी पदर खोचला आणि पुढचे दार उघडून त्या टेम्पोत बसल्या.

"आत्या, कुठं?"

"चल. बिगीनं चल. दिवा लागायच्या आत पोचायचंय."

आता आम्ही डोंगराच्या वाटेने चाललो आहोत. ऊन कलले आहे, वाट वळणावळणाची आहे, आणि मी उघड्या टेम्पोत रिकामाच डोलतो आहे. गोजराबाई चंदरला दोनदा विचारून झाल्या, अजून किती लांब. मला तुमच्यापुढे बोलता आले, पण निकिताच्या घरात मला वाचा नसेल. तुम्हांला वाचा आहे. घरात आई, ताई, आजी, कोणीही असो. सांजवेळी तिचे पाय स्वस्थ नसतील, तर तिला टाकून बोलू नका, आणि लक्ष्मीचे भय घालू नका. तिला विचारा, झोप लागते का. डॉक्टरकडे न्या आणि रक्त तपासून घ्या. मनाने गोळ्या देऊ नका. आणि दिलेली गोळी कशाबरोबर घ्यावयाची, तेही विचारून घ्या. मी रिकामा हललो म्हणून कोणी मरत नाही. विचारणारे कोणी नसले, की मरते.

सूर्य डोंगराआड चालला आहे. हरसूल अजून दिसत नाही.